फॉरेनच्या स्थळाशी लग्न झालं आणि काही महिन्यांतच मोडलं, आता कागदोपत्री कसं संपवायचं

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारात ही लग्नं कशी होतात ते सगळ्यांना माहितीये. मुलगा अमेरिकेत नाहीतर कॅनडात नाहीतर दुबईत, सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची, मेळाव्याच्या पुस्तकातून स्थळ येतं, व्हिडिओ कॉलवर पसंती होते, आणि मग साखरपुडा, हळद, लग्न सगळं एकाच आठवड्यात उरकतं. मुलगा परत जातो, मुलगी व्हिसाची वाट बघत बसते. कधी तो व्हिसा येतच नाही, कधी मुलगी जाते आणि दोन-चार महिन्यांत रडत परत येते, कधी तिला "दिवाळीला माहेरी जाऊन ये" म्हणून विमानात बसवतात आणि मागून फोन उचलायचा बंद होतो.

मी तालुका विधी सेवा समितीकडे विधी स्वयंसेवक म्हणून काम करते, वकील नाहीये, पण अशी घरं जवळून बघते आणि जे प्रश्न आईवडील पहिल्या दिवशी विचारतात त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहितेय. मुलगी असो की मुलगा, दोघांनाही लागू आहे, कारण आपली मुलंही तिकडे अडकतात आणि इकडे त्यांचे आईवडील कोर्टाच्या आवारात उभे असतात. एकच गोष्ट डोक्यात ठेवून पुढचं वाचा: लग्न पंधरा दिवसांचं असलं तरी ते आपोआप संपत नाही, आणि तिकडच्या कोर्टात संपलं म्हणजे इकडे संपलंच असं धरून चालायचं नाही. दोन्ही देशांत चालेल असा एक निकालाचा कागद हातात येईपर्यंत काम अर्धवट आहे असं समजा.

स्टेप १: लग्न कुठल्या कायद्याखाली झालंय ते आधी बघा

हे कोणी बघतच नाही आणि वकिलाकडे गेल्यावर तिथेच पहिला तास जातो. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांचं विधीने लागलेलं लग्न असेल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा. रजिस्ट्रारकडे एक महिन्याची नोटीस लावून केलेलं कोर्ट मॅरेज असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. परदेशात भारतीय वकिलातीत केलेलं असेल तर १९६९ चा विदेशी विवाह कायदा, आणि तिथे घटस्फोट वगैरे विशेष विवाह कायद्याच्या नियमांनी चालतो. मुस्लिम घरांत खुला (बायकोच्या मागणीवरून सुटका), मुबारात (दोघांच्या संमतीने सुटका), १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा हा रस्ता वेगळा, त्यासाठी त्यातल्या जाणत्या वकिलालाच भेटा, खाली जे कलमांचं लिहिलंय ते तिथे लागू होत नाही.

नंदुरबार, शिरपूर, शहादा, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यातल्या आदिवासी घरांसाठी एक महत्त्वाचं. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा थेट लागू होत नाही, कलम २(२) मध्येच तसं लिहिलंय. तिथे रूढीप्रमाणे लग्न आणि रूढीप्रमाणेच फारकत चालते. पण परदेशी व्हिसा ऑफिसला पंचांच्या सह्यांचा कागद समजत नाही, त्यामुळे दिवाणी कोर्टातून "रूढीने हे लग्न संपलेलं आहे" असं जाहीर करून घेणं पुढे फार उपयोगी पडतं. बाकीच्या समाजांतही पंचायतीत बसून काडीमोड करायची पद्धत आहे. कायद्याने रूढीचा घटस्फोट मानलाय पण ती रूढी खरंच जुनी आणि चालत आलेली आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसत्या शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतलेल्या फारकतीवर कृपा करून मुलीचं दुसरं लग्न लावू नका, उद्या समोरच्याने एक केस टाकली की ती पोरगी कुठलीच राहत नाही.

आणखी एक प्रकार आजकाल वाढलाय. "व्हिसाची फाईल लावायचीय, आधी सर्टिफिकेट काढून घेऊ, लग्न मे महिन्यात धूमधडाक्यात करू." ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद होते, विधी काहीच झालेला नसतो, आणि मग लग्न मोडतं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉली राणी केसमध्ये सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही. तुमचं असं असेल तर घटस्फोट कशाला मागताय, लग्न झालंच नाही असं जाहीर करून मागा, पण मागा मात्र कोर्टातूनच, ते सर्टिफिकेट सरकारी दप्तरात पडून आहे. उलट बाजूही ऐका: विधी झालेत पण नोंदणी केली नाही म्हणजे लग्नच नाही असं अजिबात नाही. ते लग्न पक्कं आहे.

स्टेप २: भांडण वाढायच्या आधी कागद जमवा

एका फाईलमध्ये: लग्नपत्रिका, हॉलची पावती, विधीचे आणि हळदीचे फोटो (ज्यात दोन्हीकडची माणसं दिसतील असे), नोंदणी दाखला, दोघांच्या पासपोर्टची पहिली-शेवटची पानं, व्हिसाचं पान, येण्याजाण्याचे शिक्के, विमानाची तिकिटं. कोण कुठल्या तारखेपासून वेगळं राहतंय हे कोर्टात सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा इमिग्रेशनचा शिक्का आणि बोर्डिंग पास असतो. तो पास लोक खिशातून काढून फेकून देतात. फेकू नका.

मुलाची तिकडची माहिती: घराचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट, कंपनीचं नाव, ईमेल, तिथला फोन नंबर, नागरिकत्व कुठलं, व्हिसा कुठला. लग्नाआधी बायोडाटात काय लिहिलं होतं तो बायोडाटासुद्धा जपून ठेवा, फसवणुकीच्या केसमध्ये तोच कागद बोलतो. व्हॉट्सअॅपचे चॅट पूर्ण एक्सपोर्ट करून ईमेलला टाका आणि मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतो पण फोन तुमच्याकडे असला पाहिजे.

आता सोनं. आपल्या जिल्ह्यात लग्न म्हणजे सोनं, जळगावच्या सराफ बाजारातून खरेदी झालेली असते आणि बिल बहुतेक वेळा वडिलांच्या किंवा मामाच्या नावावर असतं. ती सगळी बिलं शोधा, हरवलं असेल तर दुकानदाराकडून डुप्लिकेट मागा, ते देतात. मग एक साधी वही घ्या आणि लिहा: पोत किती ग्रॅम, कोणी घातली, आत्ता कोणाकडे आहे, कुठल्या फोटोत दिसते. एका ताईंनी अशी यादी केली होती, प्रत्येक दागिन्यापुढे लग्नाच्या अल्बममधल्या फोटोचा नंबर लिहिलेला, "सासूबाईंनी लॉकरला ठेवते म्हणून घेतली, साक्षीला आत्या" असं एकेका ओळीत. मध्यस्थीच्या टेबलावर ती वही उघडल्यावर समोरच्यांची "आमच्याकडे काहीच नाही" ही भाषा पहिल्या पानावरच बंद झाली.

स्टेप ३: लग्न रद्द करायचं की घटस्फोट घ्यायचा

इथे सगळ्यात मोठा गैरसमज. "फक्त बारा दिवस सोबत राहिले, रद्दच होईल ना?" नाही. दिवस कमी आहेत हे लग्न रद्द करायचं कारणच नाही. नवराबायकोत संबंध आले नाहीत एवढंही कारण पुरत नाही, समोरची व्यक्ती त्यासाठी असमर्थ आहे म्हणून आले नाहीत असं असेल तरच ते हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये बसतं (खाली कायद्याचं नाव न घेता नुसतं कलम लिहिलंय ते याच कायद्याचं).

लग्न मुळातच रद्दबातल कधी असतं (कलम ११): लग्नाच्या वेळी त्याची किंवा तिची पहिली जोडीदार जिवंत आणि घटस्फोट झालेला नसेल, किंवा नातं निषिद्ध असेल, सपिंड (जवळच्या रक्ताचं) असेल. परदेशातल्या स्थळांत पहिला प्रकार खरोखर सापडतो, तिकडे नागरिकत्वासाठी किंवा प्रेमाने एक लग्न झालेलं, इकडे आईबापाच्या दबावाखाली दुसरं. तिकडचा विवाह दाखला किंवा कोर्टाचं रेकॉर्ड मिळवता आलं तर केस सरळ आहे, आणि मुद्दाम लपवून दुसरं लग्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हाही आहे.

रद्द करून मागता येईल असं लग्न (कलम १२): असमर्थता, गंभीर मानसिक आजाराची अट मोडलेली, संमती जबरदस्तीने किंवा फसवणुकीने घेतलेली, किंवा लग्नाच्या वेळी मुलगी दुसऱ्यापासून गरोदर होती आणि नवऱ्याला माहीत नव्हतं. फसवणूक म्हणजे समोरच्या माणसाबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवणं. आधीचा घटस्फोट लपवला, गंभीर आजार लपवला, अशा केसेस उभ्या राहतात. नोकरी आणि पगार फुगवून सांगितला तर? कोर्टाकोर्टाची मतं वेगळी पडलीत, वकिलाला तुमच्या पुराव्यावर प्रामाणिक मत विचारा.

आणि मुदत बघा. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर तुम्ही राजीखुशीने एकत्र राहिलात तर तो रस्ता बंद होतो. घरोघरी काय होतं, फसवणूक कळते, मग मोठी माणसं बसतात, "लोके काय म्हनतीन" म्हणून पोरीला परत पाठवतात, सहा महिने जुळवून घ्यायला लावतात, आणि तेवढ्यात कायद्याने दिलेला सगळ्यात चांगला रस्ता हातातून जातो. समजूत घालायचीय तर घाला, पण त्या आधी एकदा वकिलाला तारखा दाखवा.

रद्द करण्याच्या अर्जाला लग्नाला वर्ष पूर्ण व्हायची अट नाही. घटस्फोटाला आहे: कलम १४ प्रमाणे लग्नाला एक वर्ष होईपर्यंत अर्जच करता येत नाही, फार असाधारण त्रास किंवा समोरच्याचं असाधारण नीच वागणं असेल तर कोर्टाची वेगळी परवानगी घेऊन करता येतो. म्हणून पाच महिन्यांत मोडलेल्या लग्नात रद्द करायचं कारण नसेल तर वर्ष भरेपर्यंत थांबणं आलंच, तो वेळ स्टेप २ साठी वापरा. रद्द केलं तर खावटी जाते अशी भीती असते, तसं नाही, लग्न रद्दबातल ठरलं तरी कायमच्या पोटगीचा अर्ज करता येतो असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. आणि मूल असेल तर लग्न रद्द झालं तरी ते औरसच, कलम १६.

स्टेप ४: केस कुठे टाकायची

मुलीसाठी कायदा सोयीचा आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते, म्हणजे लग्न पुण्यात लागलं असेल आणि ती आता पाचोऱ्याला माहेरी असेल तर इकडेच. मुलगा अर्जदार असेल तर लग्न लागलं ते ठिकाण, दोघं शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण, किंवा मुलगी राहते ते ठिकाण. मुलगी परदेशात असेल तर तो स्वतः राहतो तिथेही. कौटुंबिक न्यायालय असेल तिथे तिकडे जायचं, नसेल तिथे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. हायकोर्टात अपील करायची वेळ आली तर (कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर तिकडेच, वरिष्ठ स्तरच्या निकालावर आधी जिल्हा न्यायालयात) आपले तिन्ही जिल्हे मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर.

खर्चाचं: महिलेला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याचं कलम १२. जिल्हा कोर्टाच्या आवारात ऑफिस असतं, फोन १५१००. घटस्फोट, पोटगीच्या कामात महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे, कोणी मागितली तर विचारा कशाची.

तिकडच्या कोर्टात टाकायची का हा प्रश्न मुलगा नेहमी विचारतो कारण तिकडे लवकर होतं असं त्याला वाटतं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून दोष न दाखवता घटस्फोट मिळतो, पण लग्नाला वर्ष होईपर्यंत तिथेही अर्ज नाही आणि मग अर्जानंतर २० आठवडे, पहिल्या हुकमानंतर अजून ६ आठवडे थांबावं लागतं. कॅनडात नवराबायकोपैकी एक जण त्या प्रांतात वर्षभर राहिलेला हवा आणि बहुतेक वेळा एक वर्ष वेगळं राहणं दाखवावं लागतं. अमेरिकेत राज्याराज्यात फरक, कॅलिफोर्नियात घटस्फोटासाठी सहा महिने राहिलेलं असावं लागतं आणि नोटीस बजावल्यापासून निदान सहा महिने थांबावं लागतं. म्हणजे तिकडे चुटकीसरशी होतं हे काही खरं नाही.

स्टेप ५: तिकडच्या कोर्टाचं पाकीट घरी आलं तर

इथे जरा सविस्तर लिहिते कारण पोरींचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना बघितलंय. चोपडा तालुक्यातले एक काका, केळीचे शेतकरी, एक जाड पिवळसर पाकीट घेऊन आले. इंग्रजी कागद, वर परदेशी कोर्टाचा शिक्का. कुरिअरने आलेलं, कोणीतरी सांगितलं "सही केली तर मान्य होतं, हात लावू नका", म्हणून ते पाकीट न फोडता कपाटात, देवाच्या फोटोमागे ठेवलेलं. फोडलं तेव्हा उत्तर द्यायची तारीख केव्हाच गेली होती आणि तिकडे एकतर्फी घटस्फोट झालेला होता.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकाल कधी मानायचा नाही ते दिलंय, आणि १९९१ च्या नरसिंह राव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने लग्नाच्या बाबतीत ते पक्कं केलं: ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्यातल्या कारणावर आणि त्या कायद्याप्रमाणे अधिकार असलेल्या कोर्टाने दिलेला निकाल इथे चालतो. अपवाद म्हणजे समोरच्याने स्वतःहून तिथे हजर होऊन कायद्यातल्या कारणावर केस लढवली असेल किंवा निकालाला संमती दिली असेल. म्हणून "आमचं पटत नाही" एवढ्यावर नवऱ्याने एकट्याने तिकडे घेतलेला घटस्फोट इकडे भारतात साधारणपणे मानला जात नाही.

ऐकायला बरं वाटतं, पण पोरीची अवस्था काय होते? तिकडे तो मोकळा, दुसरं लग्न करतो. इकडे ती कायद्याने अजून बायको. तिला दुसरं लग्न करायचं तर इकडे वेगळा निकाल घ्यावा लागतो, नाहीतर तिच्याच दुसऱ्या लग्नावर प्रश्न. दहा ठिकाणी स्थळं येतात आणि "डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) कुठाय" वर अडतात.

त्यामुळे पाकीट आलं की फोडा, पाकिटासकट फोटो काढा, मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकील गाठा. परदेशातून येणारे समन्स खरं तर हेग सर्व्हिस करारातून (एका देशाच्या कोर्टाचे कागद दुसऱ्या देशात बजावायचा आंतरराष्ट्रीय करार), आपल्या कायदा मंत्रालयामार्फत यायला हवेत, भारताने थेट पोस्टाने बजावण्याला हरकत नोंदवलेली आहे. म्हणजे नुसतं कुरिअर आलं असेल तर बजावणीवर आक्षेप घेता येतो, पण आक्षेप घ्यायचा तर तो घ्यावा लागतो, गप्प बसून तो लागत नाही. मग ठरवायचं:

तुम्हालाही सुटकाच हवी असेल आणि पैशाचं, दागिन्याचं ठरलं असेल, तर तिकडच्या निकालाला लेखी संमती देणं हा सगळ्यात कमी त्रासाचा रस्ता असू शकतो, कारण संमती दिली की तो निकाल इकडेही उभा राहतो. आधी सोनं आणि रक्कम हातात, मग सही, हा क्रम उलटा करू नका. नको असेल, तर तिकडच्या कोर्टाला फक्त "तुम्हाला अधिकार नाही" एवढंच कळवायचं की पूर्ण लढायचं हे वकिलाशी बोलूनच ठरवा, कारण पूर्ण लढायला उतरलात की तुम्ही त्या कोर्टाचा अधिकार मानला असं धरलं जाऊ शकतं. आणि त्याच वेळी इकडे आपली केस टाकून मोकळं व्हा.

स्टेप ६: दोघंही तयार असतील तर

कलम १३ब, परस्पर संमती. निदान एक वर्ष वेगळं राहणं, दोघांचा एकत्र अर्ज, मग सहा महिन्यांनी दुसरी तारीख. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, पण त्यासाठी पहिल्या अर्जाच्या आधीच एक वर्षाबरोबर ते सहा महिनेही वेगळं राहून झालेले असावेत, समेटाचे प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी वगैरे सगळं खरोखर मिटलेलं असावं. त्याच निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहायला आणि योग्य कारण असेल तर आईवडील किंवा भावाबहिणीमार्फत बाजू मांडायलाही मुभा दिलीये, त्यामुळे मुलाला प्रत्येक तारखेला विमानाने यायची गरज नाही. तसा अर्ज मात्र तारखेच्या आधी द्या.

मुलगा तिकडे असेल तर त्याने भारतीय वकिलातीत, किंवा तिथल्या नोटरीकडे सही करून वर अपॉस्टिल (कागद खरा आहे असा तिथल्या सरकारचा, दुसऱ्या देशात चालणारा शिक्का) घेऊन, मुखत्यारपत्र पाठवायचं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचं. हे तीन महिने लोक विसरतात आणि तारखेच्या दिवशी क्लार्क कागद परत देतो. दुबईसारख्या ठिकाणी, म्हणजे अमिरातीत, अपॉस्टिल चालत नाही, तिथे वकिलातीच्या शिक्क्याचीच पद्धत आहे.

संमती निकाल लागेपर्यंत मागे घेता येते. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊन टाकू नका आणि घेणाऱ्यानेही सगळं शेवटच्या तारखेवर सोडू नका, अर्धी पहिल्या, अर्धी दुसऱ्या तारखेला डीडीने, असं तडजोडीच्या अटीत लिहून घ्या. पोलिसांत केस असेल तर ती कधी मागे घ्यायची तेही त्यातच.

स्टेप ७: समोरचा तयार नसेल, किंवा गायबच असेल तर

मग क्रूरता, त्याग (जोडीदाराला सोडून देणं) वगैरे कारणांवर कलम १३ चा अर्ज. त्यागाला सलग दोन वर्षं लागतात, त्यामुळे लहान लग्नात बहुतेक जण क्रूरतेवर जातात, आणि नेमक्या तारखांसकट खरं लिहिलं तर पुरतं. फुगवून लिहू नका, उलटतपासणीत एक वाक्य खोटं निघालं की बाकीच्या खऱ्या दहांवरून विश्वास उडतो.

परदेशात समन्स बजवायला महिनोन्‌महिने लागतात हे आधीच धरून चाला. म्हणून पत्ता बरोबर द्या, आणि ईमेल, व्हॉट्सअॅपवर बजावायची परवानगी कोर्टाकडे मागा. बजावणी झाली आणि तो आला नाही तर एकतर्फी चालतं. तारखा कळायला वकिलाच्या मागे फिरायची गरज नाही, ईकोर्ट्सच्या अॅपवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख दिसते.

संसार पूर्ण मोडलाय एवढंच कारण आपल्या कायद्यात नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यघटनेच्या कलम १४२ खाली आपण तसा घटस्फोट देऊ शकतो असं म्हटलं, पण तो अधिकार फक्त त्यांचाच, जिल्हा कोर्टात मागून उपयोग नाही.

छळ झाला असेल तर लपवू नका. ज्याला सगळे अजून ४९८अ म्हणतात ते १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ८५ आहे, आणि छळ तिकडे सासरी झाला तरी माहेरी आलेली मुलगी माहेरच्या पोलीस ठाण्यात तक्रार देऊ शकते, २०१९ च्या रूपाली देवी निकालात हे आलंय. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडे पैसे, संरक्षण, दागिने परत मागता येतात. राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, तिथे तक्रार टाकली की वकिलातीपर्यंत जाते. केस चालू असताना खर्चाला खावटी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली मागा, पहिल्याच तारखेला अर्ज द्या.

मुलगी अजून तिकडेच असेल तर

पासपोर्ट स्वतःकडे, आणि त्याचे फोटो इकडे भावाला पाठवून ठेवलेले. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या मुलीचा, उदाहरणार्थ अमेरिकेत एच-४, घटस्फोट पूर्ण झाला की तो व्हिसाचा आधार संपतो, म्हणून निकालाआधी पुढचं ठरलेलं असावं. ग्रीन कार्ड लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मिळालं असेल तर ते दोन वर्षांचं सशर्त असतं, पण लग्न खरं होतं आणि मोडलं हे दाखवून एकटीला अट काढून मागता येते. नवऱ्याने "मी कॅन्सल करतो" म्हटलं म्हणून बॅग भरू नका, तिथल्या इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारा. जीवाला धोका असेल तर तिथले पोलीस आधी, वकिलात नंतर. गरजू महिलांना वकिलातीकडे कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळू शकते. आणि मूल असेल तर दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय त्याला घेऊन निघायच्या आधी वकील हवाच, काही देशांत तो अपहरणाचा गुन्हा धरतात.

स्टेप ८: निकाल लागल्यावर

निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींच्या सहीशिक्क्याच्या नकला काढा, एक नको, चार-पाच काढा, नक्कल विभागात अर्ज करायचा, खर्च फार नसतो. त्यातली एक राज्य सरकारकडून साक्षांकित आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपॉस्टिल करून ठेवा, पुढे कुठल्याही व्हिसाला पहिली हीच मागतात. उलट, निकाल तिकडचा असेल तर तिकडचं अपॉस्टिल लावून इकडे आणा. निकालाची प्रत हातात आली की आधी नाव, लग्नाची तारीख आणि गावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा, चूक असेल तर त्याच कोर्टात लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, नंतर फार हेलपाटे पडतात.

अपीलाची मुदत ९० दिवस. लढून किंवा एकतर्फी झालेला घटस्फोट असेल तर ती संपेपर्यंत साखरपुडासुद्धा धरू नका, आणि संपल्यावर अपील दाखल नाही ना हे खंडपीठाच्या (निकाल वरिष्ठ स्तर कोर्टाचा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या) साइटवर नाव टाकून बघून घ्या. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव असेल तर डिक्री जोडून रिइश्यूचा अर्ज करा. आधार, बँक, एलआयसीचं नॉमिनेशन, पीएफचं नॉमिनेशन बदला, हे मुलांनीही करा, मोडलेल्या लग्नातली बायको वर्षानुवर्षं नॉमिनी राहिलेली असते. आणि नवीन बायोडाटा काढताना घटस्फोट कुठल्या कोर्टाचा आणि कुठल्या तारखेचा ते सरळ लिहून टाका, समोरच्यांनी डिक्रीची झेरॉक्स मागितली तर द्या, आणि त्यांच्या मुलाचं आधी लग्न झालेलं असेल तर तुम्हीही मागा.